बारा मैलांपर्यंत राज्य, पुढं केंद्र : मासेमारी परवाना आणि अ‍ॅक्सेस पास या जोडसेवेचं परीक्षण

कोकणातल्या यांत्रिक नौकेला दर्यात उतरायचं तर आता कागदांचे तीन थर लागतात. पहिला थर मर्चंट शिपिंग कायद्याखालच्या नोंदणीचा. हा कायदा केंद्राचा, पण नोंदणी करणारा अधिकारी राज्याच्या मत्स्यव्यवसाय खात्याचा. दुसरा, महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ खालचा परवाना. इथं कायदाही राज्याचा आणि अधिकारीही राज्याचा. तिसरा थर ताजा आहे : केंद्रानं ४ नोव्हेंबर २०२५ रोजी अनन्य आर्थिक क्षेत्रातल्या, म्हणजे बारा ते दोनशे सागरी मैलांमधल्या, मासेमारीचे नियम अधिसूचित केले, त्याखालचा अ‍ॅक्सेस पास. तिन्हींचा रस्ता रिअलक्राफ्ट या एकाच पोर्टलवरून जातो, त्यामुळे मालकाच्या लेखी ही एकच खिडकी. म्हणून परीक्षणही एकत्रच केलेलं बरं.

आमचं मत आधीच सांगून टाकतो. नोंदणीचं काम ठाकठीक आहे. परवाना त्याच्या हद्दीत चांगला चालतो. पास उशिरा आला, पण यायलाच हवा होता. मात्र नौका नेमक्या कुठल्या हद्दीत होती हे सिद्ध करायची सोय या सेवेत पुरेशी नाही, आणि भांडणं सगळी तिथंच होतात.

आता मुळाशी जाऊ, कारण परवान्याची मर्यादा कळली नाही तर पुढचं काहीच उलगडत नाही. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्य सूचीतली २१ वी नोंद एका शब्दाची आहे : मत्स्यव्यवसाय. केंद्र सूचीतली ५७ वी नोंद त्यातून एक तुकडा काढून घेते : प्रादेशिक जलक्षेत्रापलीकडची मासेमारी. हे जलक्षेत्र किती, ते घटनेत लिहिलेलं नाही. १९५६ साली ते ६ सागरी मैल होतं, १९६७ साली १२ झालं, आणि १९७६ च्या सागरी क्षेत्र कायद्यानं तेच १२ कायम केलं. म्हणजे राज्याच्या अधिकाराची बाहेरची कड केंद्राच्या घोषणेनं ठरते. त्याच कायद्यानं २४ मैलांपर्यंत संलग्न क्षेत्र आणि २०० मैलांपर्यंत अनन्य आर्थिक क्षेत्र आखलं. सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा, तेव्हा १२ मैल म्हणजे २२.२ किलोमीटर आणि २०० म्हणजे ३७० किलोमीटर.

१९८१ च्या राज्य कायद्यातही सरकार ज्या क्षेत्रात मासेमारीवर निर्बंध घालू शकतं ते प्रादेशिक जलक्षेत्राच्या आतलंच आहे. तेव्हा तुमच्या परवान्यावर कितीही शिक्के असले तरी तेराव्या मैलावर तो अधिकारपत्र म्हणून उपयोगी नाही. नौका नोंदलेली आहे, जाळं कुठलं आहे, मालक कोण, एवढी ओळख त्यातून पटते, बस्स.

आणि १२ मैलांच्या आतही राज्याचा अधिकार पाण्यातल्या मासळीपुरता, तळाच्या मातीपर्यंत तो पोचत नाही. अनुच्छेद २९७ प्रमाणे प्रादेशिक जलक्षेत्राखालची जमीन, खनिजं आणि मौल्यवान वस्तू संघराज्याच्या मालकीच्या. मूळ तरतुदीत १९६३ साली खंडमंच (किनाऱ्यापुढचा उथळ समुद्रतळ) आला, १९७६ साली अनन्य आर्थिक क्षेत्र. केरळला याचा अर्थ नव्यानं कळला. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रानं समुद्रतळाच्या खनिजांचे पहिले १३ गट लिलावाला काढले, त्यात कोल्लमसमोरचे बांधकामाच्या वाळूचे तीन गट होते. मार्च २०२५ मध्ये केरळ विधानसभेनं विरोधाचा ठराव केला. ठरावाच्या पुढं तिला जाता येत नव्हतं, कारण समुद्री खनिजांचा २००२ चा कायदा केंद्राचा, लिलाव केंद्राचा आणि स्वामित्वधनही (रॉयल्टी) केंद्राचं. त्याच पाण्यात कुठलं जाळं चालेल हे केरळ ठरवतं. ते जाळं ज्या वाळूवर टेकतं ती कोण उपसणार हे दिल्ली ठरवते. मुंबई हाय तर किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवर, त्याच्या तेलावरचं स्वामित्वधन राज्याकडं येण्याचा प्रश्नच नाही. अमेरिकेत उलटी गत आहे. तिथल्या बहुतेक राज्यांना तीनच सागरी मैल मिळतात, टेक्सासला आखातात नऊ, पण १९५३ च्या कायद्यानं तळाची खनिजंही राज्यांनाच दिली. आपल्या राज्यांच्या वाट्याला पाणी जास्त आलं आणि त्याखालचं काहीच आलं नाही.

आता मापाकडं वळू. नौकामालकांची सगळ्यात जास्त फसगत इथं होते, आणि पोर्टल या बाबतीत मदतीला येत नाही.

बारा मैल मोजायचे ते आधाररेषेपासून, म्हणजे सरकारनं किनाऱ्यालगत आखून दिलेल्या रेषेपासून. धक्क्यापासून नाही, वाळूच्या कडेपासूनही नाही. भारताची आधाररेषा ११ मे २००९ च्या अधिसूचनेत अक्षांश-रेखांशांच्या बिंदूंनी दिलेली आहे आणि ते बिंदू सरळ रेषांनी जोडलेले आहेत. जिथं ही रेषा बाहेरच्या बेटांना किंवा खडकांना धरून जाते, खाडीचं तोंड ओलांडते, तिथं किनाऱ्यापासूनचं अंतर १२ मैलांहून जास्त भरतं आणि तरी तुम्ही राज्याच्याच हद्दीत असता. नौका चालवणारा तांडेल प्लॉटरवर, म्हणजे नौकेची जागा दाखवणाऱ्या यंत्रावर, बंदराच्या तोंडाचा बिंदू ठेवून अंतर बघतो, तेरा दिसले की निर्धास्त होतो. तो आकडा त्या बिंदूपासूनचा आहे. नौका तिरपी दक्षिणेला गेली असेल तर बंदरापासून तेरा मैल आणि रेषेपासून जेमतेम आठ, असंही होतं. खरा उपाय एकच : आपल्या पट्ट्यापुरते आधाररेषेचे बिंदू घ्यायचे, त्यांच्या बाहेर १२ मैलांची समांतर रेषा प्लॉटरवर मार्ग म्हणून भरून ठेवायची आणि तिची घंटी लावायची. इलेक्ट्रॉनिक नकाशा अद्ययावत असेल तर ही रेषा आधीच दिसते. जुन्या किंवा नकली कार्डात ती चुकीच्या जागी असू शकते.

बिंदू भरताना दोन ठिकाणी हमखास घोळ होतो. अधिसूचनेत, नकाशात आणि प्लॉटरवर कोन लिहिण्याची पद्धत एकच असेल असं नाही : कुठं अंश-मिनिटं-सेकंद, कुठं अंश आणि दशांश मिनिटं. १७ अंश ३० मिनिटं ५० सेकंद हे कुणी १७ अंश ३०.५० मिनिटं म्हणून भरलं तर रेषा एक तृतीयांश मैल, म्हणजे सहाशे मीटरहून जास्त सरकते. दुसरा घोळ एककाचा. यंत्राच्या सेटिंगमध्ये जमिनीवरचे मैल राहिले असतील तर १२ म्हणजे १९.३ किलोमीटरच, बाहेर आलो असं वाटतं तेव्हा अजून तीन किलोमीटर राज्याचंच पाणी बाकी असतं. वीस लाखांपर्यंतच्या दंडाचं प्रकरण मेनूतल्या एका ओळीवर अडकू शकतं.

बारा मैलांच्या आतली वाटणी आणखी किचकट. गोव्यानं ट्रॉलरसाठी (जाळं ओढत नेणाऱ्या नौकेसाठी) किनाऱ्यापासून पाच किलोमीटरची सरळ मनाई ठेवली आहे. महाराष्ट्राच्या मूळ आदेशांत मात्र यांत्रिक ट्रॉलिंगची बंदी खोलीवर आहे : काही पट्ट्यांत ५ वाव, काहींत १० वाव. वाव म्हणजे सहा फूट, १.८३ मीटर. कल्पना वाईट नाही, कारण छोट्या मच्छिमाराची जाळी अंतरापेक्षा खोलीवरच लागतात. पण अंमलबजावणीत त्रास होतो. पालघर-ठाण्याकडं तळ इतका सावकाश उतरतो की १० वाव लागायला बरंच बाहेर जावं लागतं. दक्षिणेला तेच पाणी किनाऱ्याच्या जवळ मिळतं. शिवाय नकाशातली खोली ठरावीक नीच पातळीपासून मोजलेली असते आणि नौकेवरचा खोली मोजणारा साउंडर त्या क्षणीची दाखवतो. मुंबईच्या आसपास उधाणाला पाणी चार मीटरांहून जास्त चढतं-उतरतं, म्हणजे दोन वावांहून अधिक. ओहोटीला आत असलेली जागा भरतीला साउंडरवर बाहेर दिसते. त्यात साउंडरचा डोळा नौकेच्या बुडाला असतो आणि वरच्या पाण्याची भर सेटिंगमध्ये घातलेली नसते. वादाच्या वेळी साउंडरचा आकडा पुढं करण्यात अर्थ नाही; जागेचा अक्षांश-रेखांश आणि नकाशातली खोली हेच टिकतं.

परवान्याचा अर्ज तसा सोपा आहे. नोंदणी प्रमाणपत्र, नौकेची मापं, इंजिनाचा मेक, क्रमांक आणि अश्वशक्ती, जाळ्याचा प्रकार, मालकाची ओळख, विमा. अडतं ते जुळणीवर. इंजिन बदललं आणि नोंदणीत बदल करून घेतला नाही, नौका भावाच्या नावावरून आपल्या नावावर आली पण कागद जुनाच, आधारवरचं नाव आणि नोंदणीवरचं नाव यात एका अक्षराचा फरक. अर्ज परत येण्याची ही नेहमीची कारणं आहेत आणि ती दुरुस्त करायची तर आधी नोंदणी, मग परवाना, मग पास, याच क्रमानं. मधल्या थरात दुरुस्ती करून वरचा थर आपोआप सुधारेल अशी आशा धरू नका. परवाना जाळ्यागणिक असतो, हेही लक्षात ठेवायचं. गिलनेटच्या (मासळी अडकवणाऱ्या जाळ्याच्या) परवान्यावर पर्ससीन (थव्याला वेढा घालणारं जाळं) सापडलं तर तो विनापरवाना पर्ससीनच, नौका किती का नोंदलेली असेना. आणि जाळ्याचा आस (भोक) मोजतात तो ताणून. सैल आस मोजून दुकानदारानं सांगितलेल्या आकड्यावर विसंबू नये.

दंडाची बाजू २०२१ च्या दुरुस्तीनं पुरती बदलली. पूर्वी दंड पकडलेल्या मासळीच्या किमतीशी बांधलेला होता आणि निवाडा तहसीलदारांकडं होता. तहसीलदार महसुलाच्या कामात बुडालेला, प्रकरणं रेंगाळायची. आता सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय हेच अभिनिर्णय अधिकारी आहेत. विनापरवाना पर्ससीनला १ ते ६ लाख, मासळी खेचून घेणारे एलईडी दिवे किंवा बूल ट्रॉलिंगला (दोन नौकांनी मिळून एक जाळं ओढण्याला) ५ ते २० लाख, राज्याच्या हद्दीत विनापरवाना शिरलेल्या परप्रांतीय नौकेला २ ते ६ लाख. हे आकडे जाणवण्याजोगे आहेत. रत्नागिरी-सिंधुदुर्गासमोर येणाऱ्या कर्नाटकातल्या मलपीच्या वेगवान ट्रॉलरला जुना दंड खिजगणतीत नव्हता. एका फेरीत तो वसूल व्हायचा. आमचा आक्षेप एकच : पकडणारं खातं आणि निवाडा करणारं खातं आता एकच झालं आहे. वेग वाढला हे खरं, पण त्यामुळे पुराव्याची शिस्त दुप्पट पाळली गेली पाहिजे. अवरुद्ध करण्याची वेळ, जागा, जाळं पाण्यात होतं की नौकेवर, फोटोवर अक्षांश-रेखांश आहेत की नाहीत, हे सगळं प्रतिवेदनात नसेल तर प्रकरण पुढं लंगडतं.

जानेवारी २०२५ पासून राज्यानं किनाऱ्यावरच्या नऊ ठिकाणांहून ड्रोन सुरू केले, शिरगावपासून देवगडपर्यंत. गस्ती नौका पोचेपर्यंत जाळं ओढून घेतलेलं असायचं, तिथं हा मोठा फरक आहे. तरी ड्रोनचं चित्रणही जागेच्या आकड्याशिवाय अर्धवटच. आणि १२ मैलांबाहेरची नौका त्यात दिसली तर राज्याच्या कायद्याखाली तिच्यावर काय करायचं, हा प्रश्न उरतोच.

तोच प्रश्न चाळीस वर्षं लोंबकळत होता. १९८१ साली केंद्रानं कायदा केला तो परकीय नौकांसाठी. भारतीय नौकेनं १२ ते २०० मैलांत काय करावं यावर कायदाच नव्हता. २००९, २०१९ आणि २०२१ मध्ये मसुदे आले आणि तसेच राहिले. १० नोव्हेंबर २०१७ रोजी केंद्रानं अनन्य आर्थिक क्षेत्रात एलईडी आणि बूल ट्रॉलिंगवर बंदीचा आदेश काढला. आदेश चांगला होता, पण त्याला दंडाचे दात नव्हते. परिणाम असा की राज्याच्या अधिकाऱ्यानं रात्री एलईडीची नौका धरली की उत्तर ठरलेलं : आम्ही बाराच्या बाहेर होतो. बाहेर असेल तर राज्याचा दंड लागत नाही आणि केंद्राचा दंड अस्तित्वात नाही. दोन सरकारांच्या मधल्या या फटीत एलईडीचा धंदा वाढला असं आमचं स्पष्ट मत आहे.

अ‍ॅक्सेस पास ही फट बुजवायला आला आहे. नियम १९७६ च्या सागरी क्षेत्र कायद्याखाली केले आहेत, म्हणजे पाया केंद्राच्या अधिकारातला. यांत्रिक नौकांना आणि मोठ्या मोटरबसवलेल्या नौकांना पास घ्यावा लागतो. छोट्या पारंपरिक मच्छिमारांच्या मोटरच्या किंवा बिनमोटरच्या होड्यांना सूट आहे. पास मोफत आहे. एलईडी, पेअर ट्रॉलिंग आणि बूल ट्रॉलिंग यांना या नियमांतही मनाई आहे, तेव्हा आता रेषेच्या दोन्ही बाजूंना उत्तर एकच मिळतं. अर्ज त्याच पोर्टलवर असल्यानं नोंदणीचा तपशील पुन्हा भरावा लागत नाही, हे या सेवेतलं आम्हाला सर्वांत आवडलेलं. मोठी नौका मातृनौका (मदर व्हेसल) म्हणून ठेवून मध्यसमुद्रात छोट्या नौकांकडून मासळी उतरवून घेण्याची वाटही नियमांनी उघडली आहे. कोकणातल्या सहकारी संस्थांना ती परवडेल का, हे भांडवलावर अवलंबून आहे आणि आम्हाला लगेच तरी त्यात फार आशा दिसत नाही.

पास घेताना एक गैरसमज टाळा. पास हा परवान्याच्या वरचा परवाना नाही. पास आहे म्हणून राज्याच्या १२ मैलांत बंद असलेलं जाळं चालवता येत नाही, आणि परवाना आहे म्हणून पासावाचून बाहेर मासेमारी चालत नाही. पर्ससीनवाल्यांनी हे खास ध्यानात घ्यावं. राज्याच्या ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशानं परवानाधारक पर्ससीनला सप्टेंबर ते डिसेंबर एवढाच हंगाम आहे. जानेवारीत पर्ससीन जाळं चढवून नौका बंदरातून निघाली की ती बाहेर जाणार की आत, हे धक्क्यावरून कळत नाही. मालक म्हणतो बाहेर, शेजारचा गिलनेटवाला म्हणतो आतच. वर्षानुवर्षं चाललेलं भांडण हेच आहे आणि ते मिटवण्याचं साधन नौकेचा माग हेच आहे.

तमिळनाडूचं प्रकरण यासाठी वाचण्यासारखं आहे. त्या राज्यानं फेब्रुवारी २०२२ मध्ये पर्ससीनवर बंदी घातली. मालक सर्वोच्च न्यायालयात गेले. २४ जानेवारी २०२३ च्या अंतरिम आदेशात न्यायालयानं १२ मैलांबाहेर पर्ससीनला मुभा दिली, पण अटींसह : आठवड्यात सोमवार आणि गुरुवार हे दोनच दिवस, सकाळी ८ नंतर निघायचं, संध्याकाळी ६ पर्यंत परत यायचं, नौका नोंदलेली हवी आणि मान्य मागोवा यंत्र बसवलेलं हवं. आठ नॉटच्या नौकेला रेषेपर्यंत जायला दीड तास, यायला दीड, म्हणजे बाहेर कामाला सात तास. थवा पहाटे वर येतो तेव्हा नौका धक्क्याला बांधलेली. तरी या आदेशातून कायद्याची रचना नेमकी दिसते : राज्याची बंदी रेषेवर संपली, आणि रेषेपलीकडं जायचं तर आपण कुठं आहोत हे यंत्रानं दाखवायची जबाबदारी मालकावर आली. रेषेच्या आत मात्र राज्याचा हात भक्कम आहे. केरळनं प्रादेशिक जलक्षेत्रात पर्ससीनवर घातलेली बंदी सर्वोच्च न्यायालयानं १९९० च्या दशकातच उचलून धरली होती.

म्हणूनच या सगळ्या सेवेत ट्रान्सपाँडर, म्हणजे नौकेची जागा उपग्रहामार्फत कळवणारं यंत्र, हा भाग आम्ही परवान्याइतकाच महत्त्वाचा मानतो. ऑगस्ट २०२४ मध्ये पालघरला पंतप्रधानांच्या हस्ते नौकांच्या उपग्रह-संपर्क योजनेची सुरुवात झाली. किनारपट्टीच्या राज्यांत मिळून एक लाख नौकांवर इस्रोच्या तंत्रज्ञानाचा ट्रान्सपाँडर मोफत बसवायचा, खर्च ३६४ कोटी. मोबाइलची रेंज संपल्यावरही छोटे संदेश दोन्ही बाजूंनी जातात, फोन नभमित्र अ‍ॅपमधून जोडता येतो, हद्दीचा इशारा मिळतो. मच्छिमारांत याबद्दल धाकधूक आहे, सरकारला आपली मासळीची जागा कळेल म्हणून. ती समजण्यासारखी आहे. पण ज्याची नौका खरोखर बाराच्या बाहेर होती त्याला स्वतःच्या शब्दापलीकडचा पुरावा दुसरा कुठून मिळणार? यंत्र बंद ठेवणाऱ्याला सुनावणीत त्या मोकळ्या तासांचा हिशेब द्यावा लागतो.

ट्रान्सपाँडर असला तरी प्लॉटरचा माग वेगळा जपा. बहुतेक प्लॉटरांत मागाची जागा मर्यादित असते आणि ती भरली की जुना माग पुसत नवा लिहिला जातो. नोंदीचं अंतर एक ते पाच मिनिटांवर ठेवा. तीस मिनिटांवर ठेवलं तर आठ नॉटच्या नौकेचे दोन ठिपके चार मैलांवर पडतात आणि मधल्या चार मैलांत जाळं कुठं टाकलं ते कुणीच सांगू शकत नाही. फेरी संपली की माग कार्डावर उतरवून ठेवायचा. जाळं टाकताना आणि ओढताना एकेक बिंदू खुणावला तर उत्तमच.

रेषेबाहेरच्या मासळीवरही राज्याचा धाक एका जागी चालतो, आणि बऱ्याच मालकांना तो ऐन वेळी कळतो. ती जागा बंदर. मासळी कुठूनही आणा, उतरते ती राज्यात. महाराष्ट्रानं २०२३ मध्ये ५४ जातींचं किमान आकारमान ठरवलं. पापलेट १३५ मिलिमीटरपेक्षा लहान नको, बोंबील १८० पेक्षा लहान नको. केरळची यादी ५८ जातींची. तराजूवरच्या लहान पापलेटावर अक्षांश-रेखांश लिहिलेला नसतो, मोजपट्टी लावली की भागतं. डिझेलवरच्या कराचा परतावा, निघतानाचा टोकन, बर्फ, लिलाव, हे सगळं राज्याच्या जमिनीवरच घडतं. एलईडीचं जनरेटर आणि दिवे नौकेवर चढतात तेही धक्क्यावरच. आमच्या मते राज्यानं समुद्रात पाठलाग करण्यावर जेवढा खर्च केला त्याचा काही भाग धक्क्यावरच्या तपासणीत घातला असता तर कायद्याचा वाद निम्मा झाला असता. पावसाळी मासेमारीबंदीचंही तसंच आहे. १ जून ते ३१ जुलै ही ६१ दिवसांची बंदी पश्चिम किनाऱ्यावर राज्य आपल्या हद्दीत लावतं आणि केंद्र बाहेरच्या पाण्यात, तारखा एकच. नौका बंदरातून सुटलीच नाही तर दोन्ही पाळल्या जातात.

गुन्ह्यांच्या बाबतीत राज्याची कड आणखी कडक आहे. १५ फेब्रुवारी २०१२ ला केरळसमोर सेंट अँटनी या मासेमारी नौकेवर इटालियन टँकरवरून गोळीबार झाला, दोन मच्छिमार गेले. जागा किनाऱ्यापासून २०.५ सागरी मैल. केरळ पोलिसांनी गुन्हा नोंदवला, टँकरवरच्या दोन इटालियन नौसैनिकांना अटक केली. १८ जानेवारी २०१३ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की संलग्न क्षेत्रातल्या या घटनेचा तपास आणि खटला केरळच्या अधिकारात नाही, तो संघराज्याचा. साडेआठ मैल अलीकडं घडलं असतं तर गोष्ट निराळी होती. बाहेर परप्रांतीय नौकेनं जाळं कापलं, धडक दिली, तर सागरी पोलीस ठाण्याकडून हद्दीचा पहिला प्रश्न येतो तो याच कारणानं. तक्रारीत जागेचा आकडा पहिल्या ओळीत हवा आणि तटरक्षक दलाला व्हीएचएफच्या १६ नंबरवर दिलेल्या संदेशाची वेळही.

करात मात्र सरकारांनी हुशारीनं वाट काढली आहे. पुरवठादार किंवा पुरवठ्याची जागा प्रादेशिक जलक्षेत्रात असेल तर आयजीएसटी (एकात्मिक वस्तू व सेवा कर) कायद्याच्या कलम ९ प्रमाणे आधाररेषेचा सर्वांत जवळचा बिंदू ज्या राज्यात, ते राज्य धरायचं. मालकी कुणाची या वादात न पडता काम भागतं. मासेमारीच्या परवान्यात दोन शेजारी राज्यांमधली समुद्रातली सीमा इतक्या साध्या शब्दांत कुठं लिहिलेली सापडत नाही, आणि तेरेखोलच्या तोंडासमोर गोव्याचं पाणी कुठं संपतं यावर दोन्हीकडचे तांडेल आपापल्या अंदाजानंच जाळी टाकतात.

कुणी काय करावं? गिलनेट किंवा डोल जाळ्याची छोटी पारंपरिक होडी असेल, आऊटबोर्डची किंवा बिनमोटरची, तर नोंदणी आणि परवाना वेळेवर नूतनीकरण करा, पासाच्या भानगडीत पडायची गरज नाही. मोठा ट्रॉलर किंवा लांब फेरीची यांत्रिक नौका असेल तर पास आजच घ्या, मोफत आहे. त्याआधी नोंदणीतला इंजिन क्रमांक प्रत्यक्ष इंजिनावरच्या क्रमांकाशी जुळवून बघा. पर्ससीन असेल तर पास, ट्रान्सपाँडर आणि साठवलेला माग हे तिन्ही नसताना जानेवारीत जाळं चढवू नका. नौकेवर परवान्याची आणि पासाची छापील प्रत पाणी न लागेल अशी ठेवा, फोनमधली प्रत ओल्या हातांनी मध्यरात्री उघडत नाही. आणि प्लॉटरचं एकक सागरी मैलावर आहे ना, ते बर्फ भरायच्या आधी एकदा बघून घ्या.